फाटकापर्यंत गाडी कशाला?

आपल्या समूहावर आपण जुन्या हैदराबादच्या आठवणी लिहितो. आज मात्र थोडं भांडायचं आहे, आणि तेही आपल्याच घरांशी: मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईबाबांशी आणि दुपारी आणायला जाणाऱ्या माझ्यासारख्या आजोबांशी.

पाचवे निजाम अफझलउद्दौला यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना जागा दिली, म्हणून हे अफझलगंज. म्हणजे मूळ वस्तीच बैलगाड्यांच्या हिशेबाने बसलेली. १९०८ च्या मुसीच्या पुरानंतर शहरातले बरेच रस्ते रुंद झाले, पण आतल्या गल्ल्या तेवढ्याच राहिल्या. इकडे उस्मानिया दवाखाना, तिकडे बेगम बाजारची घाऊक पेठ, जवळच इमलीबनचं बस स्थानक. अशा जागी शाळा भरताना आणि सुटताना शेकडो घरं आपापली गाडी एकाच फाटकाला लावायला बघतात.

आता मी बँकेतला माणूस, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. माझा नातू जिथे जातो त्या शाळेचं नाव घेत नाही, कारण सगळीकडे तीच गत आहे. तिची रस्त्याकडची बाजू मी पावलांनी मोजली, साधारण चाळीस मीटर भरते. पुढेमागे जागा सोडून एका मोटारीला सहा मीटर धरा, म्हणजे एका वेळी सहा, फार तर सात मोटारी. सकाळी प्रत्येक गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, मूल उतरतं, गाडी जाते. हे चालू खातं झालं, उलाढाल होत राहते. दुपारचं तसं नाही. जागा मिळावी म्हणून माणसं शाळा सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच येऊन बसतात, म्हणजे मुदत ठेवच! पहिल्या सात जणांनी जागा अडवली की आठव्यापासून पुढचे सगळे रस्त्यावर, दुहेरी रांगेत. मग पार्किंगला मैदान द्या म्हणून ओरडा करा, नाहीतर पोलीस वाढवा. मुदत ठेवी आहेत तोवर मैदानही अपुरंच पडणार.

गेल्या पावसाळ्यात या दुहेरी रांगेत एक १०८ ची गाडी अडकलेली मी पाहिली. पुढच्या मोटारीचे मालक मुलाला आणायला आत गेलेले. आले तेव्हा हात दाखवून म्हणाले, "बस, दो मिनिट अंकल." माझ्या घड्याळात सात झाली होती. आत कोण होतं, पुढे काय झालं, मला कळलं नाही. आता उस्मानिया दवाखान्याची नवी इमारत गोशामहलला होते आहे, २०२५ च्या जानेवारीत पायाभरणी झाली. ती सुरू झाली की रुग्णवाहिका त्या बाजूच्या गल्ल्यांमधून जाणार. तिथेही शाळा आहेतच.

गर्दी झाली की सगळे ऑटोवाल्यांवर तोंडसुख घेतात. मला ते पटत नाही. एक ऑटो पाच-सहा मुलं आणतो आणि मिनिटात निघतो. आपली मोटार एक मूल आणते आणि अर्धा तास उभी राहते. (ऑटोत दहा-बारा कोंबतात ते मात्र धोक्याचंच, त्याची बाजू मी घेणार नाही. आणि नववीतल्या पोराच्या हाती स्कूटर देणाऱ्यांनी २०१९ चा दुरुस्त मोटार वाहन कायदा वाचावा. पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद पालकाला आहे, पोराला नाही.)

आमच्या लहानपणी अफझलगंजातली सात-आठ मराठी मुलं मिळून जांबबागेला विवेकवर्धिनीत चालत जायचो. वाड्यातली सातवीतली एक ताई पुढे, तिच्यामागे आम्ही ओळीने. गौलीगुड्याच्या त्या लोखंडी कमानीच्या बस अड्ड्यापाशी (तो २०१८ च्या जुलैत कोसळला) ती सगळ्यांना थांबवून डोकी मोजायची. जपानमध्ये आजही गल्लीतली मुलं जमून मोठ्या मुलांच्या मागे अशीच शाळेत चालत जातात. मोटारी त्यांच्याकडे कमी आहेत म्हणून नव्हे!

तेव्हाची रहदारी वेगळी होती, हे कबूल. फूटपाथवर दुकानांचा माल असतो, कुत्री असतात, दप्तर जड असतं. म्हणून मी घरापासून चाला म्हणत नाही. गाडी तीनशे मीटर अलीकडे थांबवा आणि शेवटचं अंतर मुलाचा हात धरून चाला, एवढंच. पाच मिनिटं लागतात. रोज चारशे पालक त्या फूटपाथवरून चालू लागले, तर मालाची पोती आत घ्या असं दुकानदाराला सांगणारेही चारशे होतील. मुलींना डिसेंबर २०२३ पासून आरटीसीची साधी बस फुकट आहे, तीही मोठ्या मुली वापरू शकतात.

दुपारसाठी शाळेलाही काही करता येईल. पेन्शनच्या दिवशी आमच्या काउंटरवर हीच झुंबड असायची. आम्ही पितळी टोकन द्यायचो, नंबर पुकारेपर्यंत मंडळी बाकावर निवांत बसायची. काउंटर तेवढेच, कारकून तेवढेच, तरी धक्काबुक्की संपली. शाळेने सगळे वर्ग एकाच घंटेला न सोडता दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडले, आणि आपल्या वर्गाच्या वेळेआधी फाटकाशी गाडी नको असं ठरवलं, तर त्याच चाळीस मीटरमध्ये तिप्पट गाड्या निघतील. भावंडं वेगळ्या वर्गात असली तर धाकटं मोठ्याबरोबर सुटेल. शिक्षकांना अर्धा तास जास्त थांबावं लागेल, त्याचा मोबदला द्यावा. आपण डिझेलवर त्याहून जास्त घालवतो.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पालकसभेत हे लेखी मांडणार आहे. एकट्या म्हाताऱ्याचं कोणी ऐकत नाही, सह्या हव्यात. त्या भागात ज्यांची नातवंडं आहेत त्यांनी खाली नाव लिहा. मसुदा मीच करतो, ती सवय अजून गेलेली नाही.