मास्तरांचे सिनेमे

कोरियन मालिकांचं वेड आता आपल्याकडेही पुष्कळ घरांत शिरलंय. त्यापायी दुपारची कामं खोळंबतात म्हणे! पण ली चांग-डोंग हे नाव त्या मालिका पाहणाऱ्यांपैकी थोड्याच जणींच्या कानावर असेल.

मैत्रिणींनो, हे गृहस्थ मुळात शाळामास्तर. जन्म १९५४ चा, देगू शहरातला. हायस्कुलात कोरियन भाषा शिकवायची आणि कथा-कादंबऱ्या लिहायच्या, असा त्यांचा क्रम. पार्क क्वांग-सू या दिग्दर्शकासाठी त्यांनी दोन पटकथा लिहिल्या. १९९३ च्या पहिल्या चित्रपटावर तर सहायक म्हणूनही राबले. स्वतःचा पहिला चित्रपट, 'ग्रीन फिश', आला १९९७ साली. म्हणजे वय झालं होतं त्रेचाळिशीचं! आपल्याकडे या वयात शिवणाच्या क्लासला नाव घालायचं तरी बाई दहादा विचार करते. पुढे २००३-०४ मध्ये ते देशाचे सांस्कृतिक मंत्रीही झाले, ते असो.

१९९७ ते २०१८ या एकवीस वर्षांत त्यांनी चित्रपट काढले अवघे सहा. त्यांतले दोन मला तुम्हाला सांगायचे आहेत. दोन्हींत भयंकर गुन्हा घडतो, पण तो घडताना पडद्यावर दिसत नाही. कॅमेरा जातो तो घरातल्या बाईपाशी.

पहिला 'सीक्रेट सनशाइन', २००७ चा. नवरा गेलेली शिन-ए लहानग्याला घेऊन नवऱ्याच्या गावी, मिरयांगला येते, पियानोची शिकवणी सुरू करते. गाठीशी फारसं काही नाही; पण चारचौघांत मान राहावा म्हणून जमीन घ्यायची आहे असं सांगत सुटते. (अशी थाप कोण मारत नाही हो?) ते खरं मानून मुलाच्या वक्तृत्ववर्गाचाच शिक्षक पोराला पळवतो आणि मारून टाकतो. दुःखानं सैरभैर झालेल्या शिन-एला चर्चमध्ये आधार मिळतो. एक दिवस ती त्या माणसाला माफ करायला तुरुंगात जाते. तो शांतपणे सांगतो, की देवानं मला केव्हाच क्षमा केलीय. आता सांगा, आईच्या आधी क्षमा करणारा देव तरी कोण? या भूमिकेसाठी जॉन दो-यन हिला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं.

दुसरा 'पोएट्री', २०१० चा. मला विचाराल तर हाच सरस. कानला त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळालं. यात बाई उलट्या बाजूची, गुन्हेगाराच्या घरातली. सहासष्ट वर्षांची मिजा लेकीच्या पोराला सांभाळते आणि पक्षाघात झालेल्या एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करून चार पैसे मिळवते. हल्ली तिला साधे शब्द आठवेनासे झालेत, तो स्मृतिभ्रंशाचा आरंभ. हौसेनं कवितेच्या वर्गात नाव घालते. अशात कळतं, की नदीत जीव दिलेल्या शाळकरी मुलीवर अत्याचार करणाऱ्या सहा पोरांत आपला नातूही आहे. बाकी पाचांचे बाप हॉटेलात बसून हिशेब करतात: प्रत्येकी पन्नास लाख वॉन, एकूण तीन कोटी, मुलीच्या आईचं तोंड बंद करायला. बोलणी करायला धाडतात मिजाला, बाईमाणूस म्हणून! ती शेतावर त्या आईला गाठते, जमिनीवर पडलेल्या जर्दाळूंविषयी गोड बोलते आणि आलो कशाला हेच विसरून परत फिरते.

नातवावर ती कधी हात उगारत नाही. एका संध्याकाळी त्याला पिझ्झा खाऊ घालते, आंघोळ करायला लावते, त्याची नखं कापते. मग दोघं रस्त्यावर बॅडमिंटन खेळत असताना पोलीस येतात. एक जण नातवाला घेऊन जातो, दुसरा त्याच्या जागी रॅकेट घेऊन तिच्याशी खेळत राहतो.

मिजाचं काम करणाऱ्या युन जंग-ही सोळा वर्षांनी पडद्यावर परतल्या होत्या. पुढे त्यांनाच स्मृतिभ्रंशानं गाठलं. २०२३ साली पॅरिसला त्या वारल्या.

चित्रपट संथ आहेत, भाजी निवडता निवडता पाहण्यातले नव्हेत. मुलं झोपल्यावर बघा. आणि घरात वयात आलेला मुलगा असेल, तर 'पोएट्री' त्याला शेजारी बसवून बघा.