परीक्षा गेली, अंतर आले



जानेवारी लागला की आपल्या वस्त्यांमध्ये पहिलीच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. कोणी जातीचा दाखला शोधतो, कोणी जन्मदाखल्यावरचे नाव दुरुस्त करून घेण्यासाठी महापालिकेत खेटे घालतो, कोणी सायबर कॅफेत नंबर लावून बसतो. एवढे करूनही प्रवेश मिळाला नाही की शेजारीपाजारी विचारतात, "पोराला काही आलं नाही का?" हा प्रश्न आता जुना झाला. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाला काय येते हे विचारण्याचा अधिकार कायद्याने शाळेकडून काढून घेतला आहे. आता विचारले जाते ते वेगळेच : तुम्ही राहता कुठे? या वेळी त्याविषयी चार शब्द.

शाळेच्या दारात आपल्याला अडवण्याच्या रीती काळाप्रमाणे बदलत आल्या. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो फी भरायला तयार होता. तरी त्याला बाहेर ठेवले. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला, पण सरकारनेही त्याच्यासाठी दार उघडले नाही. तेव्हा कारण उघड होते : जात. पुढे राज्यघटना आली आणि ते कारण तोंडाने सांगणे कठीण झाले. मग चाळणी आली. चार वर्षांच्या लेकराला रंगांची आणि फळांची इंग्रजी नावे विचारायची, आईबापाला शिक्षण आणि नोकरी विचारायची, आणि निकाल गुणवत्तेचा म्हणून सांगायचा. खरे तर ती परीक्षा मुलाची नव्हतीच. घरात इंग्रजी बोलले जाते का, आई घरी बसून शिकवू शकते का, बापाच्या अंगावरचे कपडे कसे आहेत, याची ती परीक्षा होती. हमालाचा मुलगा तिथे नापास झाला, तर तो मुलगा नापास होत नव्हता, त्याचे घर नापास होत होते.

प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ च्या अहवालात बालवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या परीक्षा आणि मुलाखती बंद करा, अशी शिफारस केली होती. त्याला कायद्याचे बळ यायला आणखी बरीच वर्षे लागली. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे कलम १३ प्रत्येक पालकाने पाठ करावे असे आहे. प्रवेश देताना शाळेला देणगी घेता येत नाही. मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी, मग ती लेखी असो, तोंडी असो वा मुलाखतीच्या नावाने असो, करता येत नाही. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. चाळणी केली तर पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच कायद्याच्या कलम १२ ने खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरवली. या जागांसाठी परीक्षा नाही. अर्ज करायचा आणि सोडत निघते.

म्हणजे परीक्षा गेली. पण कोणाला घ्यायचे हे कशाने तरी ठरवावेच लागते. ते ठरू लागले अंतराने. राज्याच्या २०११ च्या नियमांनी 'शेजारची शाळा' म्हणजे काय ते सांगितले : पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. जवळच्या मुलाला आधी संधी, हे त्याचे सूत्र. आम्ही या सूत्राच्या विरोधात नाही. सहा वर्षांचे मूल घराजवळच्या शाळेत जावे, हे कोणत्याही आईला पटेल. पण हे सूत्र न्यायाचे कधी ठरते? चांगल्या शाळा सगळ्या वस्त्यांत सारख्या विखुरलेल्या असतील तेव्हा. शाळा एका भागात आणि आपली वस्ती दुसऱ्या भागात असेल, तर अंतर हीच नवी चाळणी होते. ती कोणाला दिसत नाही, म्हणून तिच्यावर कोणी भांडतही नाही. एका उपासिकेने आम्हाला हे अहिराणीत एका वाक्यात सांगितले : "भाऊ, पोर हुशार शे, पन घर दूर शे."

अंतर हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. आपली वस्ती गावाच्या कडेला आणि गाव मध्यभागी, हे अंतर शतकानुशतके कोणीतरी आखून ठेवलेले होते. आपल्या खानदेशात बाबासाहेबांनी ते स्वतः भोगले. १९२९ साली ते स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारी तपासत होते. ऑक्टोबरमध्ये ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. महारवाड्यातील मंडळींनी मुक्कामाचा आग्रह केला. त्यांना न्यायला टांगेवाला तयार होईना, कारण त्यांना बसवणे त्याला कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा मिळाला, पण तो हाकायला टांगेवाला नव्हे, आपल्यातलाच एक नवखा माणूस बसला. बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी गेली. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. स्टेशन ते महारवाडा हे अंतर फार नव्हते. ते पार करण्याचे साधन आपल्या हातात नव्हते. म्हणून अंतर नुसते किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे.

आजही तसेच आहे. धुळ्यात पांझरेच्या एका तीरावर जुने शहर आहे, दुसऱ्या तीरावर देवपूर. जळगावात रेल्वेच्या रुळांनी शहराचे दोन भाग केले आहेत. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर पलीकडची शाळा हाकेच्या अंतरावर दिसते. पण मुलाला पुलाला किंवा फाटकाला वळसा घालूनच जावे लागते. बाप पहाटे एमआयडीसीत जातो, आई धुण्याभांड्यांना जाते, मग मुलाला सोडणार कोण? रिक्षाचे पैसे महिन्याला द्यायचे तर फी माफ होऊन काय उपयोग? दाखल्यावरचे अंतर आणि पायाखालचे अंतर एक नसते.

या अंतराच्या अटीचा उपयोग आपल्याविरुद्ध कसा होऊ शकतो, ते २०२४ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला २५ टक्क्यांतून सूट. शहरात बहुतेक ठिकाणी एक किलोमीटरच्या आत कोणती ना कोणती सरकारी किंवा अनुदानित शाळा असतेच. म्हणजे एका ओळीच्या बदलाने हजारो शाळांचे दार बंद. कोणाची परीक्षा घेतली नाही, कोणाला नापास केले नाही, फक्त अंतर मोजले. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ही दुरुस्ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ ला तो निकाल कायम ठेवला. त्या वर्षी राज्यात एक लाखावर जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले होते. एवढ्या लेकरांचा प्रश्न कोर्टाने सोडवला, पण कोर्टात जाईपर्यंत निम्मे वर्ष हातून गेले.

खेड्यातली गोष्ट आणखी वेगळी. २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या. नमुना म्हणून आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे नाव घेतले गेले. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतात, हे खरे. पण पाड्यावरची शाळा गेली की अंतर वाढते, आणि अंतर वाढले की सर्वांत आधी मुलीची शाळा सुटते. हे सांगायला कोणत्या अहवालाची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शाळा कुठे असावी, हे ठरवते कोण? आपल्यातील बहुतेकांना वाटते, संस्थाचालक ठरवतात. ते अर्धेच खरे आहे. शहरात कोणत्या जागेवर काय येणार, हे विकास आराखड्यात ठरते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे प्रत्येक शहराला असा आराखडा करावा लागतो आणि साधारण वीस वर्षांत एकदा तो सुधारावा लागतो. त्यात प्राथमिक शाळा, मैदान, दवाखाना यांसाठी जागा राखून ठेवतात. आरक्षण म्हणतात ते हेच. नोकरीतले आरक्षण आपल्याला माहीत आहे, त्यासाठी आपण मोर्चे काढले. जमिनीवरचे आरक्षण मात्र आपण कधी वाचलेच नाही.

आणि ते आरक्षण मरते. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षे झाली आणि महापालिकेने जागा ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. कायद्याने दिलेल्या मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपते. शाळेची जागा मालकाला मोकळी होते आणि तिथे दुकाने किंवा फ्लॅट उभे राहतात. कोणी चोरी केली नाही, सगळे कायद्याने झाले. आपण मात्र पुढची वीस वर्षे 'आमच्या भागात शाळा नाही' म्हणत बसतो.

गुंठेवारीत तर तेवढेही नसते. शेतजमिनीचे तुकडे पाडले, स्टॅम्प पेपरवर विकले, रस्ता जेमतेम सोडला. शाळेची जागा कोणी सोडली नाही, कारण कोणी मागितली नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने घर नियमित करता येते, पण जिथे सगळीकडे घरे झाली तिथे शाळेसाठी जागा आणायची कुठून? आणि घर नियमित नसले की पत्त्याचा पुरावा अडतो. भाड्याने राहणाऱ्याचा करार नोंदणी झालेला लागतो, आणि घरमालक नोंदणीला तयार होत नाही. शेवटी प्रवेशाचा कागद आणि बांधकामाचा कागद एकाच गाठीत अडकतात. म्हणून आम्ही म्हणतो, शाळेच्या प्रवेशाची लढाई अर्धी शिक्षण खात्यात आणि अर्धी नगररचना विभागात आहे.

मग करायचे काय? निवेदने पुष्कळ झाली. काही साधी कामे सांगतो.

पहिले काम घरातले. जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. मूळ अनुसूचित जातीतून धम्म स्वीकारलेल्या बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या सवलती मिळाल्या, त्यामुळे दाखल्यात काय लिहिले आहे ते नीट वाचा. वंचित घटकातून अर्ज करणाऱ्या अनुसूचित जातीच्या पालकाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, म्हणून त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. ऑनलाइन अर्जात घराची जागा नकाशावर दाखवावी लागते. ती खूण स्वतः डोळ्यांनी तपासा. ती चुकली तर सोडतीत नाव लागूनही पडताळणीत प्रवेश जाऊ शकतो. भाडेकरू असाल तर घरमालकाशी आतापासून बोला.

दुसरे काम विहारातले. महापालिकेच्या नगररचना विभागातून आपल्या प्रभागाच्या विकास आराखड्याची प्रत घ्या. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात. आपल्या वस्तीभोवती शाळेसाठी, मैदानासाठी कोणते आरक्षण आहे, त्याचा क्रमांक काय, जागा ताब्यात आली का, आराखडा केव्हा मंजूर झाला, हे एका कागदावर लिहून विहाराच्या फळ्यावर लावा. लेआउटमध्ये सोडलेली 'ओपन स्पेस' कोणाच्या ताब्यात आहे, तेही लिहा. दहावी-बारावीची आपली मुले-मुली हे काम एका रविवारी करू शकतात.

तिसरे काम वेळेचे. नवा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना द्यायला तीस दिवस मिळतात. आरक्षण बदलायचे असले तरी जाहीर सूचना काढावी लागते. बिल्डर त्या दिवसांत झोपत नाही, आपण झोपतो. हरकत लिहायला वकील लागत नाही. सर्व्हे नंबर, आपली मागणी, कारण आणि सही एवढे पुरे. शंभर घरांच्या शंभर वेगवेगळ्या हरकती एका मोठ्या मोर्चापेक्षा जास्त काम करतात, कारण सुनावणीत त्या प्रत्येकीची नोंद घ्यावी लागते.

चौथे काम जुन्या शाळेचे. महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची जवळची शाळा आपल्याच मुलांची आहे. तिच्या व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत आहे. तिथे बसा, शिक्षकांना मदत करा, शौचालय आणि पाण्याचा प्रश्न लावून धरा. २५ टक्क्यांत सगळ्यांची मुले बसणार नाहीत. ज्यांचा नंबर लागणार नाही त्यांचीही शाळा चांगलीच हवी.

दरवर्षी ३१ जुलैला आपण हजारोंनी धुळ्याजवळ लळिंगला लांडोर बंगल्यावर जमतो. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात एका खटल्याच्या कामासाठी आले आणि त्या बंगल्यात थांबले, म्हणून ती जागा आपल्याला पवित्र. ते तिथे आले होते ते कोर्टाचे कागद घेऊन, हे लक्षात ठेवावे. येत्या ३१ जुलैला तिथे पुस्तकांच्या आणि फोटोंच्या दुकानांशेजारी एक टेबल असावे, आणि त्यावर धुळे आणि जळगावचे विकास आराखडे उघडून ठेवलेले असावेत. प्रत्येक वस्तीच्या माणसाने येऊन आपल्या शाळेची जागा त्यावर बोटाने दाखवावी. ज्याला ती सापडणार नाही, त्याच्या वस्तीत पुढच्या रविवारी बैठक घ्यायची. आम्ही येऊ.

नमो बुद्धाय, जयभीम.