रविवार अजून घरी पोचला नाही

मैत्रिणींनो, एका कबुलीनं सुरुवात करते. मध्यंतरी मी आणि माझा जोडीदार एक अख्खा दिवस रेवदंड्याच्या समुद्रावर काहीही न करता बसून आलो. यात कबुली देण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. तर हे, की दुसऱ्या दिवशी गटातल्या एकीनं विचारलं तेव्हा "अलिबागला मीटिंग होती" असं मी चक्क खोटं सांगितलं.

आम्ही रोह्यात राहतो. माझं काम पेण तालुक्यात, गणपतीच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायांबरोबर. रोह्याहून रेवदंडा काही लांब नाही. तरी लग्नाला आठ वर्षं होऊन आम्ही तिथं गेलो ते पाहुण्यांना फिरवायलाच. त्या दिवशीही मी सवयीनं पहाटे डब्यासाठी उठले. तो म्हणाला, "आज डबा नको, तिथं मिळेल ते खाऊ." मला बरं वाटायला हवं होतं, वाटली ती चुटपुट. आपण काहीतरी चुकवतोय अशी.

किल्ल्याच्या तटाजवळ, सुरूच्या सावलीत बसलो. पहिला तासभर मी मनातल्या मनात अहवाल लिहीत होते. मग भरती ओसरली, तो वाळूत झोपून गेला, आणि कितीतरी वेळ मी नुसती पाण्याकडे बघत राहिले. कुणाची समजूत काढायची नव्हती, कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. असं बसणं मी विसरूनच गेले होते.

मग आजूबाजूला लक्ष गेलं. सहलीला आलेली कुटुंबं होती. पुरुष आणि मुलं पाण्यात. बाया मात्र सतरंजीवर डबे उघडत होत्या, ओले कपडे पिळत होत्या, चपला-पाकिटं सांभाळत होत्या. एकीची तर समुद्राकडे पाठच होती, कारण स्टोव्हला वारा लागू नये म्हणून तिला तसं बसावं लागत होतं. तिच्या घरी सगळे म्हणणार, "आपण समुद्रावर जाऊन आलो." ती नक्की कुठं जाऊन आली?

दुपारी एका घरगुती खाणावळीत जेवलो. स्वयंपाक करणाऱ्या ताई पहाटेपासून उभ्या होत्या. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मी विचारलं, "तुम्ही जाता का समुद्रावर?" त्या हसून म्हणाल्या, "जाते की, सुकट वाळत घालायला." घास घशात अडकला. माझी विश्रांती त्यांच्या उभं राहण्यावर टेकली होती. म्हणून मी विश्रांती घेऊच नये, असं मला वाटत नाही. पण त्यांची पाळी कधी, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या वर्षीच्या एप्रिलमधल्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. सुट्टी गिरणीला लागली; चुलीला लागली नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि पुरुष ९७. रविवारी तर घरी सगळे असतात म्हणून बाईचं काम वाढतंच.

आणि आपण चळवळीतल्या बाया? मजुरी, हिंसा, मालमत्ता यांवर आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण विश्रांतीचा विषय निघाला की "ते सुखवस्तूंचं" म्हणून बाजूला सारतो. थकून आजारी पडलेल्या कार्यकर्तीचं कौतुक करतो. यात आणि "आमची सून कधी बसत नाही" म्हणणाऱ्या सासूत फरक काय राहिला?

शेवटी पेणच्या बैठकीत मी खरं सांगून टाकलं. आधी हशा झाला, मग एकदम शांतता. मूर्ती घासून घासून बोटं सोललेल्या एक मावशी म्हणाल्या, "आमच्या हातचे गणपती समुद्रात जातात, आम्ही नाय जात." एक नवी सून म्हणाली, "नवरा सोडेल ओ, पण सासू विचारेल, काय काम होतं?" खरी मेख इथंच आहे. कारखाना, दवाखाना, देऊळ, माहेर: बाईनं उंबरा ओलांडायचा तर काम दाखवावं लागतं. बिनकामाचं बाहेर बसायला परवानगी नाही. नवऱ्याबरोबर असले म्हणून मी त्या वाळूवर निवांत बसू शकले, हेही मान्य करते. एकटी असते तर दहा नजरांनी उठवलं असतं.

आइसलंडच्या बायांनी २४ ऑक्टोबर १९७५ ला घरचं-दारचं काम बंद ठेवलं. दहातल्या नऊजणी त्यात होत्या. त्या दिवसाला त्यांनी नाव दिलं होतं 'बायांची सुट्टी'. देश ठप्प झाला तेव्हा कळलं, तो कुणाच्या हातांवर चालतो.

आमच्या बायांनी एवढं मोठं काही ठरवलेलं नाही. सीझन संपल्यावर एक दिवस समुद्रावर जायचं, डबा कुणीच आणायचा नाही, आणि जेवण करून वाढणाऱ्या ताईला पूर्ण मोबदला देऊन आपल्यात बसवायचं, एवढंच बोलणं झालंय. गाडीभाडं गटाच्या पैशातून द्यायचं का, यावर मात्र वाद झाला. "तो पैसा आजारपणाचा," एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, "मग आजारी पडायच्या आधीच जाऊ." निर्णय पुढच्या बैठकीत होईल.

तुमच्या गटात हा प्रश्न विचारून बघा: काही काम नसताना तुम्ही शेवटच्या कधी घराबाहेर बसला होतात? आणि उत्तराआधी किती वेळ शांतता पसरते, तेही लिहून ठेवा. मी माझ्यापुरतं ठरवलंय: यापुढे समुद्रावर गेले, तर समुद्रावर गेले होते असंच सांगेन.