हातातला सीडी प्लेअर आणि कपाटातल्या तबकड्या

करजणला राहावयास आल्यापासून बडोद्याच्या मैफलींना मी पारखा झालो आहे. अंतर म्हणाल तर आगगाडीने तीसेक किलोमीटरचे. परंतु गवयाचा षड्ज लागावा आणि आपण शेवटच्या गाडीसाठी घड्याळ पाहू लागावे, यासारखी रसिकाची दुसरी फजिती नाही. तेव्हा ऐकावयाचे ते घरीच, असे ठरवून गेल्या दिवाळीत मी सेलवर चालणारा, हातात मावणारा एक सीडी प्लेअर घेतला. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. "बाबा, फोनवर सारे मिळते. हे जुने खूळ आता कशाला?" प्रश्न रास्त होता. सहा महिने रोज वापरल्यावर त्याचे उत्तर देण्याइतका अनुभव गाठीस जमला आहे.

प्रथम दोष सांगतो. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून सिद्ध केलेली सीडी १९८२ साली बाजारात आली, आणि दोनच वर्षांनी सोनीने ती घेऊन फिरता येईल असे यंत्र काढले. पण 'फिरता येईल' हा शब्द जपून घ्यावा. तबकडीवरची रेघ केसाहून कितीतरी बारीक, आणि ती वाचणारा प्रकाशकिरण धक्क्याने सहज चुकतो. त्यावर तोड म्हणून यंत्र थोडे पुढचे वाचून स्मरणात साठवून ठेवते व धक्का बसला की त्या शिल्लकेवर वेळ निभावते. मियागाम-करजण स्थानकावरून बडोद्यास जाताना मी ही परीक्षा घेतली. रुळांचे सांधे आले की शिल्लक संपे आणि ऐन तानेत गवई मुका होई. याच मियागामहून डभोईस जाणाऱ्या लोहमार्गावर १८६२ साली आरंभी बैल गाडी ओढीत. त्या गाडीत हे यंत्र बहुधा सुरळीत वाजले असते! शिवाय पेन्सिल सेलांचा खर्च आहेच. प्रवासात ऐकणाऱ्याने फोनच वापरावा, हे चिरंजीवांचे म्हणणे मला येथे निमूट मान्य आहे.

घरी, टेबलावर ठेवले म्हणजे मात्र याच यंत्राचा स्वभाव पालटतो. मौलाबक्षांच्या गायनशाळेविषयी आपल्या घरांत कुणास काही सांगावयास नको. त्यांचे नातू इनायत खाँ यांनी १९०९ साली ग्रामोफोन कंपनीसाठी गायिलेली गाणी १९९४ साली दोन सीडींवर पुन्हा निघाली. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गवयाने कर्ण्यात गावयाचे आणि तीनेक मिनिटांत आटोपावयाचे. सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेते हे खरे. पण कर्ण्याने जे टिपलेच नाही ते ती कोठून आणणार? तेव्हा जुने गाणे ऐकणाऱ्याने फार महागड्या यंत्रामागे लागू नये. साधे यंत्र घ्यावे, आणि खर्ज फुगविणारे जे बटण असते ते बंद ठेवावे. ते चालू राहिले की तबला ढोलासारखा घुमतो आणि तंबोरा दिसेनासा होतो.

दुसरी गोष्ट बाहेरच्या जोडणीची. केवळ कानाला लावून ऐकण्याची रीत मला आपली वाटत नाही. आपल्याकडे ग्रामोफोनभोवती शेजारपाजार जमे. बडोदे संस्थानचे स्वतःचे रेडिओ केंद्र होते, आणि रेडिओ असलेल्या घरात पुढे ज्यांच्याकडे तो नव्हता तीही मंडळी येऊन बसत. म्हणून ज्यास लहान स्पीकर जोडता येईल असेच यंत्र घ्यावे. आमच्याकडे आता सकाळी चहाबरोबर एक सीडी लागते. सूनबाई पोळ्या करता करता ऐकतात. फोनवर एक राग संपण्यापूर्वीच बोट दुसऱ्याकडे धावते. तबकडी एकदा घातली की तासभर उठावेसे वाटत नाही. रोजच्या श्रवणास हा आळस फार उपकारक आहे.

परंतु माझे मत ज्या एका गोष्टीने कायमचे बनले, ती यंत्राच्या गुणदोषांतली नव्हे. तबकड्यांच्या डब्यात चार पांढऱ्या सीडी होत्या. माझे सासरे घरच्या गोकुळाष्टमीला गात असत. १९८७ सालचे त्यांचे गाणे कॅसेटवर होते, ते मी २००४ साली या चार तबकड्यांवर उतरवून घेतले, आणि कॅसेटी टाकून दिल्या. काम झाले, या समाधानात डबा कपाटात गेला. या दिवाळीनंतर त्या लावल्या. तीन नीट वाजल्या. चौथी अर्ध्यावर अडखळू लागली आणि पुढे थांबलीच. घरी भरलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो; उन्हाने, उष्म्याने तो विटतो, आणि आपल्याकडचा वैशाख सर्वांस ठाऊक आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून कडेला खराबी आली की शेवटचे गाणे आधी जाते. मैफलीत शेवटी काय असते? भैरवी. सासऱ्यांची भैरवी गेली. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती तबकडी पदराने पुसली आणि पुन्हा एकदा लावावयास सांगितली.

ही तबकडी आम्ही वर्षातून दोनदा जरी ऐकली असती, तरी पहिले अडखळणे वेळीच कळले असते. जी वस्तू रोज हाताळली जाते तिचे दुखणे लक्षात येते. जी जपून ठेवली जाते ती कपाटात गुपचूप मरते. विकतचे गाणे फोनवर मिळेल, उद्याही मिळेल. घरच्या माणसाचा आवाज कुठल्याही कंपनीकडे नाही.

म्हणून चिरंजीवांना माझे उत्तर असे: प्रवासासाठी हे यंत्र घेऊ नये, मिरविण्यासाठी तर मुळीच नाही. ज्यांच्या घरी सीडीचा एकही डबा नाही, त्यांनी पैसे वाचवावेत. पण बडोद्याच्या जुन्या घरांतून असे डबे पुष्कळ आहेत, आणि त्यांत एखादी हाताने नाव लिहिलेली पांढरी तबकडी बहुधा असते. तेवढ्या घरांनी मात्र हा प्लेअर घ्यावा, आणि ती तबकडी आधी लावून शेवटपर्यंत ऐकावी. नीट वाजली तर त्याच दिवशी तिच्या दोन प्रती कराव्यात. आमच्याकडे उरलेल्या तिन्ही तबकड्यांच्या प्रती झाल्या आहेत. त्या चिरंजीवांनीच केल्या, त्यांच्या संगणकावर, आणि एक प्रत फोनवरही ठेवली.