काम सांगावे स्पष्ट

वरसावे नाक्याजवळील गोदामात बसून ऑनलाइन शिकणाऱ्या उमेदवाराला ‘जीएसटीचा हिशेब शिकून घे’ एवढाच निरोप मिळाला, तर तो अडखळतो. शिक्षक समोर नसतो. शंका मनातच राहते आणि ठपका मात्र त्याच्या बुद्धीवर येतो.

पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प ही अडचण ओळखतो. त्याचे सुमारे 10 मिनिटांचे पाठ मराठीतही आहेत. ध्वनिमुद्रणापूर्वी संहिता नवख्या व्यक्तीकडून तपासून घेतली जाते.

पेढीनेही तसेच करावे. ‘या 10 बिलांची नोंद कर, कराची रक्कम वेगळी दाखव, बेरजेचा ताळा करून शनिवारी दुपारपर्यंत पाठव,’ असे लिहावे. नमुन्याची एक नोंद जोडावी. पाठवण्यापूर्वी हा मजकूर हिशेब न जाणणाऱ्या घरच्या माणसाला वाचायला द्यावा. तो जिथे थांबेल, तिथेच उमेदवारही थांबणार असतो.