टर्बो गाडीला बाहेरचा हेडर : आवाज वाढतो, ताकद किती वाढते?

विंचूर (ता. निफाड) : नाशिक-छत्रपती संभाजीनगर महामार्गावर विंचूरच्या तीनपाटीला घटकाभर थांबलं, की काही गाड्या दिसायच्या आधी ऐकू येतात. पूर्वी हा मान बुलेटचा होता. आता टर्बो पेट्रोल कार खेड्यात आल्या आणि पोरांच्या मोबाईलवर ‘हेडर’ हा शब्द आला. कांद्याची पट्टी हातात पडली की त्यातले काही हजार या नळ्यांवर जातात. ते वसूल होतात का, हा हिशोब मात्र फार थोडे जण करतात.

हेडर म्हणजे इंजिनातून निघणारा गरम धूर गोळा करणाऱ्या नळ्या. कंपनी तिथे बहुधा बिडाचं मॅनिफोल्ड देते. बिनटर्बोच्या गाडीत लांब, सारख्या मापाच्या नळ्यांचा उपयोग होतो, कारण एका सिलिंडरचा धूर जाताना पुढच्याचा ओढून नेतो. टर्बोचं गणित वेगळं आहे. तिथे धुराच्या वाटेतच टर्बोचं चाक बसलेलं असतं आणि ते त्या धुराच्या दाबावर, उष्णतेवर फिरतं. नळ्या उगाच लांब केल्या की धूर वाटेत थंड होतो आणि टर्बो उशिरा उचलतो. विहिरीवर मोठा पाइप टाकला आणि पुढे वॉल्व्ह अर्धाच उघडला, तर पाणी वाढत नाही, तसंच हे. मोकळीक हवी असते ती बहुधा टर्बोच्या पुढच्या पाइपात, म्हणजे डाउनपाइपमध्ये, आणि सोबत इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलावी लागते. नुसता हेडर बदलून हाती येतो तो बराचसा आवाजच.

त्यातही एक गंमत आहे. पोलो, व्हर्टस, स्लाव्हिया यांच्या १.० टीएसआय इंजिनात मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं असतं. बदलायला वेगळा हेडर तिथे नाहीच. तरी कुणी ‘हेडर बसवून देतो’ म्हणत असेल, तर तो नेमकं काय बसवणार हे आधी विचारलेलं बरं.

ज्या गाडीला तो बसतो, तिथे धातू पाहावा. पेट्रोल टर्बोचा धूर जोर दिल्यावर ९०० अंशांच्या आसपास जातो. बीड जड असतं, पण ही उष्णता सोसतं. पातळ स्टीलच्या नळ्यांवर टर्बोचं वजन लटकलं की वेल्डिंगला चिरा पडतात. म्हणून टर्बोला वेगळा आधार हवा, फ्लँज जाड हवी. ३०४ स्टील चालतं. सतत तापणाऱ्या कामाला ३२१ जास्त टिकतं, कारण त्यात टायटॅनियम असतं. ‘एसएस आहे’ एवढ्यावर पैसे मोजू नयेत, ग्रेड बिलावर लिहून घ्यावी. टर्बोच्या आधी बारीकशी गळती झाली तरी दाब पडतो, आणि जवळून वायरिंग जात असेल तर ती वितळण्याची भीती राहते.

कायद्याची बाजू याहून तापलेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराची मर्यादा मोडली तर कलम १९० आहेच. त्यात दंड १० हजारांपर्यंत जातो. बुलेटचे सायलेन्सर काढून त्यावर रोड रोलर फिरवणारे पोलीस राज्यात अनेक शहरांनी पाहिलेत. गॅरेजवाला पैसे घेऊन मोकळा होतो, रस्त्यावर सापडतो तो मालक.

आवाजासाठी कॅट कन्व्हर्टर काढायचा प्रकार तर बीएस-६ गाडीत लपतही नाही. पुढचा सेन्सर डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लावतो, पीयूसीला अडचण येते, आणि पुढे टर्बो गेला तर वॉरंटीत कंपनी हात वर करते. रॅली किंवा ट्रॅकवर पळवायची गाडी वेगळी. तिथे नियमही त्या स्पर्धेचे असतात.

एवढं ऐकूनही कुणाला बसवायचाच असेल, तर कंपनीचं जुनं मॅनिफोल्ड गॅरेजवाल्याकडे सोडू नये. गाडी विकताना गिऱ्हाईक आधी तेच मागतं.