पावती द्या, नाहीतर योजनेची पाटी उतरवा

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची पाटी लावून बसलेली रुग्णालये, त्यांचे क्लेम तपासणारी यंत्रणा आणि राज्य आरोग्य हमी सोसायटी या तिघांसाठी हा जाहीर इशारा आहे. मुदत येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत.

ही योजना आम्हाला नवी नाही. 2 जुलै 2012 रोजी ती ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूरला ती नोव्हेंबर 2013 मध्ये पोचली. पुढे 14 आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही ती लागू झाली. त्यांत आमचे दोन्ही जिल्हे आहेत. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने कवच दीड लाखावरून 5 लाखांवर नेले आणि रेशनकार्डाच्या रंगाची अटही काढली.

एवढे असूनही किनवट-माहूरहून किंवा जळकोट-उदगीरहून रुग्ण आणणाऱ्याला काही ठिकाणी आधी डिपॉझिट भरावे लागते. कुठे ‘ऑपरेशन योजनेत, औषधे बाहेरून’ असे ऐकवले जाते, तर कुठे ‘योजनेचा बेड शिल्लक नाही’. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधे, इम्प्लांट, जेवण आणि सुटीनंतर दहा दिवसांची देखभाल धरलेली असते. त्यापोटी रुग्णाकडून घेतलेला प्रत्येक रुपया बेकायदा आहे.

याला दंड नाही असे नाही. या योजनेशी जोडलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारतच्या नियमावलीत पहिल्याच खेपेला सगळी रक्कम परत आणि तिच्या तिपटीपर्यंत भुर्दंड सांगितला आहे. वारंवार घडले तर रुग्णालय योजनेतून बाद. पण रोख घेणारा पावती देत नाही. पावती नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून दंड नाही. कागदावरचा तिप्पट दंड अशा रीतीने शून्यावर येतो.

बक्षिसाचे मात्र असे होत नाही. केंद्राच्या दरपत्रकात रुग्णालयांचा दर्जा ठरवणाऱ्या एनएबीएचच्या प्राथमिक मानांकनाला 10 टक्के आणि पूर्ण मानांकनाला 15 टक्के जादा दर आहे. शेजारचा धाराशिव आकांक्षित जिल्हा, म्हणून तिथे आणखी 10 टक्के. चांगल्या कामाला जास्त मोबदला मिळावा, याला आमची हरकत नाही. पण बक्षीस क्लेमबरोबर खात्यात येते आणि दंडासाठी मात्र आजारी माणसाच्या बायकोने अर्ज घेऊन दारोदार फिरायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

रुग्णालयांचीही एक तक्रार खरी आहे: क्लेमचे पैसे अडकतात. केंद्राच्या योजनेत 15 दिवसांत पैसे चुकते करण्याचा दंडक आहे, आणि विमा कंपनीने उशीर केल्यास दर आठवड्याला 1 टक्का व्याज आहे. ते व्याज मागा, त्यासाठी भांडा. आम्ही सोबत येऊ. पण थकबाकी सरकारकडे आणि वसुली रुग्णाकडून, म्हणजे आजार म्हशीला, औषध पखालीला.

खासगी दार बंद झाले की ओझे नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी रुग्णालयावर पडते. तिथे ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळे होती. अनेकांना खासगी रुग्णालयांतून अखेरच्या घटकेला पाठवले होते, असे तेव्हा प्रशासनानेच सांगितले होते. हे पुन्हा ऐकायची आमची तयारी नाही.

म्हणून 2 ऑक्टोबरपूर्वी हे झाले पाहिजे:

1. योजनेच्या रुग्णाकडून काहीही घेतले तर छापील पावती. घेतले नसेल तर सुटीच्या कागदावर ‘रुग्णाकडून शून्य रुपये’ अशी नोंद.
2. नकार द्यायचा तर लेखी, कारणासह आणि आरोग्यमित्राच्या सहीने.
3. दोन्ही जिल्ह्यांत कोणत्या रुग्णालयाला किती दंड झाला, किती वसूल झाला आणि कोणाचे क्लेम किती दिवस थकले, याची यादी सोसायटीने जाहीर करावी.
4. सुटीनंतर प्रत्येक रुग्णाला सोसायटीने स्वतः फोन करून विचारावे: पैसे मागितले का?

हे झाले नाही तर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांमध्ये गावोगावच्या तक्रारी वाचून ठरावात घेतल्या जातील. दंडाची माहिती माहिती अधिकारात मागवली जाईल. पैसे उकळल्याचे प्रत्येक प्रकरण दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा ग्राहक आयोगात जाईल. ‘फुकटचा रुग्ण ग्राहक नसतो’ ही सबब चालणार नाही: विमा कंपनीने खर्च सोसलेला उपचारही ग्राहक कायद्यात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितले आहे.

नातेवाइकांनाही एक बजावणी. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, आणि पैसे मागताक्षणी योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा. दंड त्या क्रमांकावरूनच सुरू होतो.

मुदत वाढवून मिळणार नाही.